जज जेवत नाही

आधीच सांगून टाकते, हे जनावर मला घरात नको होतं.

आमच्या टेक्ससच्या पठारावर प्रेअरी डॉग म्हणजे काही कौतुकाची चीज नाही. नावात कुत्रा आहे एवढंच, बाकी खारीचा जाडा भाऊ. वीतभर उंच, आखूड शेपूट, आणि चांगल्या कुरणाची चाळण करून ठेवणारा. त्यांच्या बिळात पाय जाऊन माझ्या नवऱ्याच्या, लॉइडच्या, आवडत्या घोडीचा पाय मोडला आणि तिला गोळी घालावी लागली. तेव्हापासून दर वर्षी तो बिळांत विष टाकत फिरायचा आणि मी त्याला कॉफीचा थर्मास भरून द्यायची. पुढे लॉइड गेला, कुरण भाड्याने दिलं, गुरं विकली. पण या घुशींबद्दलचं मत बदलावं असं काही घडलं नव्हतं.

मग माझ्या थोरल्या भावाला, डॉयलला, अवदसा आठवली. त्याची बायको नेल्डा गेली त्याच्या पुढच्या वसंतात एक माणूस मोठा पंप लावून बिळांतली पिल्लं ओढून काढत होता, पाळायला विकायची म्हणून. डॉयल तिथे बघायला गेला आणि शर्टाच्या खिशात एक पिल्लू घालून परत आला. ड्रॉपरने दूध पाजलं, रात्री उशाशी घेतलं. नाव ठेवलं जज, कारण ते मागच्या पायांवर उभं राहून दोन्ही हात पोटावर ठेवायचं आणि समोरच्याला फाशीच द्यायची आहे अशा नजरेने बघायचं. चर्चमधल्या बायका मला विचारायच्या, डॉयल पुन्हा लग्न करतोय का. मी म्हणायची, केलं की, एका घुशीशी.

पण त्याने त्या जनावराचं केलं मात्र मनापासून, हे कबूल करायला हवं. दिवसभर सुकं गवत समोर. गोड काही नाही. मी एकदा बिस्किटाचा तुकडा पुढे केला तर माझा हात धरला, म्हणाला, याने यांची साखर वाढते आणि दात सडतात. खणायला मातीने भरलेला हा एवढा मोठा टब. घरातल्या सगळ्या वायरी पाइपात घातलेल्या, नाहीतर जजने कुरतडून घर पेटवलं असतं. आणि मधूनच जज दोन्ही हात वर फेकून, मान मागे टाकून ‘यिप’ करून ओरडायचा. ही जात तसं ओरडून एकमेकांना विचारते म्हणे, जागे आहात ना सगळे? तर आमचा डॉयल, डोक्यावर हॅट, हातात कॉफीचा कप, तसाच हात वर करून उत्तर द्यायचा. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. रस्त्यावरून कोणी बघितलं तर काय म्हणेल.

कापसाच्या पेरण्या चालू होत्या तेव्हाची गोष्ट. डॉयल सकाळी फोन उचलेना, म्हणून पिकअप काढून गेले. स्वयंपाकघरात पडला होता. तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात, उजवा पाय निकामी. जज त्याच्या छातीवर बसला होता आणि अँब्युलन्सवाल्याने हात लावताच त्याचा हातमोजा फाडून मोकळा झाला. डॉयलला शब्द फुटत नव्हता. स्ट्रेचरवर घालताना एकच निघाला, “जज.”

म्हणून मी ते जनावर, पिंजरा आणि मातीच्या टबासकट, घरी आणलं. भावाचं आहे, तो येईपर्यंत सांभाळू, इतकंच मनात होतं.

आमच्या आईने आम्हाला शिकवलेलं, घरात आजार आला की आधी कपडे उकळायचे. मी पिंजरा उघडला. झोपायच्या खोक्यात डॉयलचा एक जुना फ्लॅनेलचा शर्ट कोंबलेला होता. भोकं पडलेला, कळकट, वास तर असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी तो गरम पाण्यात ब्लीच घालून धुतला, वाळवला, घडी घालून परत ठेवला आणि स्वतःवर खूश झाले. जज खोक्यात गेला, हुंगलं, तो शर्ट दातांनी ओढून बाहेर फेकला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉयलला काय सांगणार होते? जनावरांची डॉक्टर एल्विरा, पोरसवदा आहे पण समजून सांगणारी, तिच्याकडे घेऊन गेले. तिने शर्टाचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्या शर्टात जेवढा वास होता तेवढाच डॉयल त्याच्याकडे उरला होता, आणि मी तो मोरीत सोडून दिला होता. मी म्हटलं, आता काय करू ते सांग. ती म्हणाली, “ओलीटाबाई, यांच्यात एका बिळातले ते आपले आणि बाकी सगळे चोर. जजच्या बिळात दोघंच होते. आता तो एकटा आहे. एकटं राहता येत नाही यांना, झुरून मरतात.”

“मग?”

“मग तुम्ही बिळात शिरा.”

शिरले. या वयात, या गुडघ्यांनी, जमिनीवर बसले. रोज सकाळ-दुपार पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून बाजूला बसायचं आणि काही करायचं नाही, असं तिने सांगितलं होतं. काही न करणं मला कधी जमलेलं नाही. शेंगा सोलल्या. वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, कापसाचे भाव, कोणाचं कोण गेलं, सगळं. जज कोपऱ्यात दात वाजवायचा. बागेतले जाड हातमोजे घालून गवत पुढे केलं तर हातमोज्यासकट चावला. मी त्याला म्हटलं, मेल्या, तुझ्या सगळ्या खानदानाला माझ्या नवऱ्याने विष घातलंय, तुला घालायला मला काही वेळ लागायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. उठताना खुर्चीचा पाय धरून उठायची आणि वाटेल ते बोलायची, जे चर्चमध्ये बोलता येत नाही.

एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. पंखा लावून मी भिंतीला टेकले आणि डोळा लागला. जाग आली ती हाताला काहीतरी होत होतं म्हणून. जज माझ्या मांडीवर होता आणि माझ्या दंडावरची एकेक लव पुढच्या दातांनी हळूच विंचरत होता. आई पोराच्या उवा काढते ना, तितक्या मन लावून. मी श्वास रोखून बसले. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. मग मला रडू आलं. लॉइड गेल्यापासून मला कोणी असा हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी त्याने मूठभर गवत खाल्लं आणि मी एल्विराला फोन करून असं सांगितलं की जणू नातू झाला.

त्या दिवसापासून मी त्याच्या बिळातली झाले. ॲप्रनच्या खिशात बसून घरभर फिरायचा. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर ओरडून शेजार डोक्यावर घ्यायचा. ‘यिप’ केलं की मीही हात वर करायला लागले. पडदे ओढून, पण करायला लागले. आणि आता मी आपली म्हटल्यावर बाकीचे चोर. आमचे पाद्री डॉयलसाठी प्रार्थना करायला आले तर जजने त्यांची पँट धरली ती आमेनपर्यंत सोडली नाही.

इकडे डॉयलचं वेगळंच चाललं होतं. त्याला दूरच्या गावात शुश्रूषागृहात ठेवलं होतं, गाडीने तासाभराची वाट. रमोना नावाची धिप्पाड बाई त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची, म्हणजे घ्यायला बघायची. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. वाचा थोडी परत आली होती, पण बोलत नव्हता. मी गेले की एवढंच विचारायचा, जज? मी म्हणायची, ठीक आहे. की पुन्हा भिंतीकडे. जेवण तसंच ताटात. मला तो प्रकार नेल्डा गेली तेव्हाही त्याच्यात दिसला होता आणि मला माहीत होतं हा कुठे चाललाय. रमोना मला व्हरांड्यात घेऊन गेली, म्हणाली, हा माणूस बरा होऊ शकतो, पण त्याला कुठेतरी जायचं असायला हवं. जायचंच नसेल तर मी पाय हलवून काय उपयोग.

मी परत खोलीत गेले. डॉयलने भिंतीकडे बघतच विचारलं, “जेवतो ना?”

मला कुठून सुचलं, देव जाणे. म्हटलं, “नाही. जज जेवत नाही. तू नाहीस तर तोंड लावत नाही. दाराकडे बघत बसतो.”

डॉयल वळला. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. मग रमोनाला म्हणाला, “बूट आण.”

सकाळी माझ्या स्वयंपाकघरात जजने एवढं गवत फस्त केलं होतं की पोट जमिनीला टेकत होतं. आणि मी इथे त्याला उपाशी ठेवून बसले होते. पण भाऊ खाटेच्या कडेला बसला, रमोनाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, थरथरत, शिव्या देत. मी बाप्तिस्मा घेतलेली बाई आहे, खोटं बोलणं पाप आहे हे मला कोणी सांगायला नको. मी ठरवलं, हे पाप चालेल.

एकदा सुरू केल्यावर रोज काहीतरी नवं घालावं लागे. आज तुझ्या बुटांवर डोकं ठेवून झोपला होता. आज पिकअपचा आवाज आला तर धावत दारापर्यंत गेला आणि मला बघून परत फिरला. बरगड्या मोजता येतात रे. प्रत्येक थापेला डॉयल चार पावलं पुढे जायचा. दारापर्यंत, मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत, धरून चालायची चौकट सोडून काठीवर. रमोना म्हणायची, तुम्ही काय जादू करता कळत नाही. चेहरा मात्र त्याचा उतरलेला दिसायचा, डोळ्यांखाली काळं. रमोना म्हणाली, झोपत नाही. मी म्हटलं, व्यायामाने अंग दुखत असेल, आणि पुढच्या वेळी पिकॅनचे दाणे घालून गोड पाई भाजून नेली. ती त्याने दुसऱ्यांना वाटून टाकली.

कापूस निघाला, वारा गार झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी घरी न्या. आता आली का पंचाईत. डॉयलचं ठरलेलं होतं, आधी माझ्याकडे यायचं, जजला घ्यायचं आणि स्वतःच्या घरी जाऊन राहायचं. मी म्हटलं होतं, माझ्याकडे राहा, खोली रिकामी आहे. तर म्हणतो, आपण दोघं एका घरात राहिलो तर शेरीफला बोलवावं लागेल. जज असला की मला कोणी लागत नाही. हे त्याने मला तोंडावर सांगितलं आणि मी हो हो म्हणत राहिले. कारण हा जज आता त्याला चोर समजणार होता, आणि त्या घरात एकटा, एकच हात चालणारा असताना हे कळून तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार होता. आणि या वेळी त्याला उठवायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

एल्विरा म्हणाली, त्याच्या अंगातला कपडा आणून खोक्यात ठेवा, ओळख पटली तर पटली. शुश्रूषागृहातही माझ्यासारखंच सगळे कपडे उकळून काढत. रमोनाच्या हातापाया पडून डॉयलचा रात्रभर घातलेला बनियन मिळवला. जजने हुंगला, ओढत ओढत टबापर्यंत नेला, मातीत पुरला आणि वरून मुतला.

खरं सांगून टाकावं म्हणून एक दिवस मुद्दाम गेले. डॉयल दारातच उभा होता, काठी न घेता, मला दाखवायला. दोन पावलं आला आणि तोंड वाकडं असूनही हसला. मी काय सांगणार?

डॉयलला घरी आणलं त्या दिवशी मी जजला आधी पोटभर खाऊ घातलं, म्हणजे जरा सुस्तावेल. डॉयल स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. टोपी काढली, केस डाव्या हाताने सारखे केले. खरंच सारखे केले, कोणाला भेटायला आल्यासारखे. मग तो हात खाली सोडून त्याच्या नव्या जडशीळ आवाजात हाक मारली, “जज. ए जज. आलो बघ.”

जज टेबलाखालून आला. उभा राहिला. शेपटी फुलली, दात वाजायला लागले. मी म्हटलं, डॉयल, हात वर घे. त्याने आणखी खाली नेला. जजने अंगठ्यात दात रुतवले, सोडले, आणि सरळ माझ्या पायावरून चढून ॲप्रनच्या खिशात शिरला. तिथून तोंड काढून डॉयलवर भुंकत राहिला.

फरशीवर रक्त पडत होतं. डॉयल त्या अंगठ्याकडे बघत होता, मग खिशाकडे, मग माझ्याकडे. मी बोलून टाकलं सगळं. शर्ट धुतला ते, विष घालीन म्हटलं ते, मांडीवर येऊन बसला ते, तुझा बनियन मातीत पुरला ते. उन्हाळाभर तुला थापा मारल्या, म्हटलं, एकही दिवस तो तुझ्यासाठी उपाशी राहिलेला नाही. पहिले चार-पाच दिवस सोडले तर नाही. आता काय बोलायचं ते बोल, पण भिंतीकडे तोंड करून झोपायचं नाही. झोपलास तर काठीने उठवीन.

त्याने अंगठा शर्टाला पुसला. मग म्हणाला, “जेवतो?”

“दिवसभर चरतो.”

“झोपतो नीट?”

“घोरतो.”

“दात? वाढलेत का? बघितलेस?”

“एल्विरा बघते दर महिन्याला. चांगले आहेत. आत्ता कळलंच तुला.”

डॉयल रडायला लागला. तोंडाची एकच बाजू रडते आता त्याची, ते बघवत नव्हतं. मला वाटलं संपलं, मी माझ्या हाताने भावाला मारला. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले तर त्याने तो झटकला.

“जाळलंस तू मला, ओलीटा,” तो म्हणाला. शब्द एकेक करून निघत होते. “डोळे मिटले की तो दिसायचा. दारात. बरगड्या निघालेला. मी इथे पाय उचलतोय आणि तो तिकडे मरतोय. रोज रात्री. अगं, तो माझा राहायला नको होता मला. जगायला हवा होता.”

माझ्या मनात हे आलंच नव्हतं. एवढ्या थापा मारल्या, एवढं डोकं चालवलं, आणि ज्याला पाय हलवायला कारण दिलं त्याची झोप त्यात गेली हे मला एकदाही दिसलं नाही. मी म्हटलं, चुकलं माझं. हे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन, लहानपणी त्याचा दात पाडला होता तेव्हाही म्हटलं नव्हतं. तो नाक पुसत म्हणाला, ते जाऊ दे, त्याला जरा बाहेर काढ, नीट बघू दे.

मी जजला खिशातून काढून छातीशी धरलं. डॉयलने हात लावला नाही. लांबूनच वाकून बघितलं, पोट, पाठ, नखं, डोळे. बराच वेळ बघितलं. मग रडता रडता हसायला लागला, म्हणाला, किती जाड केलायस गं याला, बटाटा झालाय नुसता. मी अंगठा धुऊन पट्टी बांधत होते, तर माझ्या कमरेशी जज त्याच्यावर दात वाजवतच होता आणि डॉयल प्रत्येक वेळी मान डोलवत होता, हो बाबा, हो, तुझंच घर आहे.

काळोख पडायच्या आत निघायचं ठरलेलं होतं. त्याची बॅग दाराशी होती. मी पिकअपची किल्ली घेतली. डॉयल उठला नाही.

“याला आता तुझ्यापासून तोडता यायचं नाही,” तो म्हणाला. “मला कुठे झोपायचं ते दाखव. आणि तो जो बनियन त्याने पुरलाय म्हणतेस, तो धुऊ नकोस. आहे तिथे राहू दे.”

मी किल्ली खिळ्याला लावली आणि मागच्या खोलीतली चादर बदलायला गेले.